बँकेनं मोडू न दिलेलं सोनं: बोगोटाचं गोल्ड म्युझियम, जळगावच्या कारागिराच्या नजरेनं

आमच्या धंद्यात दिवसातून पन्नास वेळा तोंडात येणारा शब्द म्हणजे मोड. जुना दागिना दुकानात आला की तो मोड, मग तो पाच वर्षांचा असो की पणजीच्या लग्नातला, वजन करायचं, टंच म्हणजे सोन्याची शुद्धता काढायची, मुशीत टाकायचा, पाणी करायचं आणि नवीन डिझाईन काढायचं. जळगावला सुवर्णनगरी म्हणतात ते खरंच आहे, पण या सुवर्णनगरीत शंभर वर्षांपूर्वीचा खान्देशी दागिना बघायचा म्हटला तर कुठं जायचं हे मला सांगता येत नाही, आणि मी स्वतः बावीस वर्षं भट्टीपुढं बसतोय. म्हणून कोलंबियाची राजधानी बोगोटा, तिथल्या सोन्याच्या म्युझियमबद्दल लिहायला बसलो. रिव्ह्यू थोडा मोठा होईल, पण कोणी त्या बाजूला गेलं तर उपयोग होईल.

धाकटा भाऊ केळीत आहे, टिश्यू कल्चरच्या रोपांचं काम, त्यासाठी दीड वर्ष कोलंबियात सांता मार्ता शहराजवळ राहतोय. तिकडंही आपल्या रावेर-यावलसारख्या केळीच्या बागाच बागा. त्यानं आईला आणि मला बोलावलं. आधी तीन दिवस बोगोटा मग त्याच्याकडे असा बेत. आई अडुसष्ट वर्षांची, माहेर अमळनेरकडचं, अजून बोलते ती अहिराणीच. बोगोटा साधारण २६०० मीटर उंचीवर आहे, पहिल्या दिवशी आईला दहा पावलं चाललं की दम लागत होता, तेव्हा तुमच्यासोबत कोणी वयस्कर असेल तर पहिला दिवस नुसता आराम करा, म्युझियम दुसऱ्या दिवशी. आणि टॅक्सीत बसायच्या आधी पैसे ठरवून घ्या, आमच्याकडून एकानं दुप्पट घेतले.

आता मुख्य गोष्ट. हे म्युझियम सरकारच्या एखाद्या पुरातत्त्व खात्याचं नाही, बँकेचं आहे. बांको दे ला रिपुब्लिका म्हणजे त्यांची रिझर्व्ह बँक समजा, १९२३ ला सुरू झालेली. ही बँक सोनं विकत घ्यायची, राखीव साठ्यासाठी. आणि शेतात नांगरताना, थडगी खणताना जे जुने सोन्याचे नग निघायचे ते पण असेच कुठंतरी विकले जायचे आणि वितळवले जायचे. म्हणजे आपलीच मोड. १९३९ मध्ये तिथल्या शिक्षण खात्यानं बँकेला सांगितलं की हे नग वितळू देऊ नका, घेऊन जपून ठेवा. त्याच वर्षी बँकेनं पहिला मोठा नग घेतला, आणि तिथून हे म्युझिओ देल ओरो, म्हणजे सोन्याचं म्युझियम सुरू झालं. आज त्यांच्याकडे चौतीस हजारांच्या आसपास सोन्याचे आणि सोनं-तांब्याच्या मिश्रणाचे नग आहेत, शिवाय मातीची भांडी, दगड, शंख, हाडं, कापड वेगळं. सोन्याची किंमत वजनावर धरणाऱ्या बँकेनं वजन बाजूला ठेवून घडण जपायची ठरवली, हे मला तिथं उभं राहून पुन्हा पुन्हा आठवत होतं.

तो पहिला नग तिथंच ठेवलाय. पोपोरो म्हणतात त्याला, किम्बाया नावाच्या तिथल्या जुन्या लोकांच्या घडणीचा. काळ्या पार्श्वभूमीवर एकटाच, उजेड फक्त त्याच्यावर. बाटलीसारखा आकार, भोपळ्याच्या फुगीरपणाचा, आणि वर मानेभोवती चार गोळे. वजन ७७७ ग्रॅम, म्हणजे आजच्या दहा ग्रॅमच्या तोळ्यानं सत्त्याहत्तर तोळ्यांच्या वर. मी वजन आणि टंच डोक्यात मांडत होतो, सवय. आई शेजारी उभी होती, मी तिला पाटीवरचं वाचून सांगितलं की यात शंख-शिंपले जाळून केलेला चुना ठेवायचे, काडीनं काढून कोकाच्या पानासोबत तोंडात धरायचे, आणि ती एकदम म्हणाली, "माय वं, हाई ते चुनायं शे!" चुनाळं! आणि खरंच की, पानाला चुना लागतो तसाच कोकाच्या पानालाही लागतो, चुन्याशिवाय पान तोंडात रंगत नाही आणि कोकाचं पान चढत नाही. आमच्या आजोबांची पितळेची चुनाळी साखळीसकट अजून घरी आहे. सोळा-सतराशे वर्षांपूर्वीच्या, पृथ्वीच्या पलीकडच्या माणसाच्या हातातली वस्तू आईनं अर्ध्या मिनिटात घरातली करून टाकली, तिथल्या कुठल्याच पाटीनं ते काम इतकं चांगलं केलं नसतं.

मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो धातूकामाच्या दालनात. दुसऱ्या मजल्यावर आहे, आणि सराफीतल्या माणसानं बाकी काही न बघता फक्त हे दालन बघितलं तरी तिकिटाचे पैसे वसूल. तिथं कामाची रीत दाखवलीय, आधी मेणाचा नग करायचा, त्यावर माती आणि कोळशाच्या भुकटीचा लेप, मग तापवायचं की मेण वाहून जातं, त्या पोकळीत धातू ओतायचा, थंड झालं की साचा फोडायचा. एक साचा एकच नग. आपल्याकडे आता कास्टिंगवाले मशीनवर हेच करतात, पण त्यांनी फुंकणीवर केलं. तोंडानं फुंकून, फुंकणीच्या टोकाला मातीचं नळकांडं लावून. मी लहानपणी आजोबांना फुंकणीवर टाका मारताना, म्हणजे दागिन्याचा जोड सांधताना बघितलंय, गाल फुगलेले, श्वास नाकानं आत आणि तोंडानं बाहेर, ज्योत तुटू द्यायची नाही. टाका मारणं वेगळं आणि आख्खी मूस वितळवणं वेगळं, तिथं चार-पाच जण एकत्र फुंकत असतील तर त्यांची लय कशी असेल याचा विचार करत मी बराच वेळ थांबलो.

दुसरं म्हणजे तुंबागा. सोनं आणि तांब्याचं मिश्रण. शुद्ध सोनं १०६४ डिग्रीला वितळतं, तांबं १०८५ ला, पण दोन्ही योग्य प्रमाणात मिसळले की दोघांपेक्षा कमी उष्णतेला पाणी होतं. टाक्याचं सोनं आधी का वितळतं हे आपल्या प्रत्येक कारागिराला हातानं माहीत आहे, कारण तेच. पण पुढची करामत बघा, तांबं जास्त असलेला नग लालसर दिसतो, मग तो तापवायचे, वरचं तांबं काळं पडायचं, ते आंबट वनस्पतीच्या रसानं धुऊन काढायचे, परत तापवायचे, परत धुवायचे, होता होता वरच्या थरातलं तांबं निघून जायचं आणि पृष्ठभागावर फक्त सोनं राहायचं. मुलामा न चढवता आतून बाहेर आणलेला मुलामा! आपण घडवलेला दागिना तापवून आंबटात टाकून उजळवतो त्याचीच ही फार पुढची पायरी. काही नग तर मुद्दाम अर्धे लाल अर्धे पिवळे ठेवलेत, म्हणजे रंग त्यांच्या हातात होता.

सेनू लोकांची कानातली आहेत, अर्धगोल पंख्यासारखी जाळीची. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं तार ओढून बसवलेलं फिलीग्री काम आहे, जोड शोधायला लागलो तर जोडच नाही. मग पाटी वाचली, तर ती जाळी आधी मेणाच्या धाग्यांची विणलेली आणि मग एका ओतीत ओतलेली. मी काचेला नाक लावून उभा. मेणाचा एवढा बारीक धागा, कुठंही न तुटता, आणि धातू प्रत्येक टोकापर्यंत पोहोचलेला, आमच्याकडे आजच्या कास्टिंगमध्ये सुद्धा एवढं बारीक असलं की कुठंतरी एखादं टोक भरत नाही.

आणि तुमाको भागातले प्लॅटिनमचे नग. प्लॅटिनम १७६८ डिग्रीला वितळतं, फुंकणीवर ते शक्यच नाही. त्यांनी नदीच्या वाळूतले प्लॅटिनमचे कण घेतले, त्यात थोडं सोनं मिसळलं, तापवलं, सोनं वितळून कणांना धरून ठेवायचं, मग ठोकायचं, परत तापवायचं, परत ठोकायचं, एकजीव होईपर्यंत. युरोपला प्लॅटिनम हा धातू नीट कळला तो अठराव्या शतकात. हे वाचल्यावर मी भावाला फोन करून सांगितलं, तो बागेत होता, त्याला काही कळलं नसावं, पण मला कोणाला तरी सांगायचंच होतं.

मुईस्का नावाच्या जुन्या लोकांचा सोन्याचा तराफा हा इथला सगळ्यात प्रसिद्ध नग, बहुतेक लोक तोच बघायला येतात. साडेएकोणीस सेंटिमीटर लांब, दहा रुंद, हातावर मावेल एवढा. १९६९ मध्ये पास्का गावाजवळच्या गुहेत शेतकऱ्यांना सापडला. मधोमध मोठा माणूस, राजा, भोवती लहान माणसं, सगळं एकाच ओतीत. एल दोरादो हा शब्द आपण ऐकलेला असतो, सोन्याचं गाव वगैरे, पण मुळात ते गाव नाही, माणूस आहे. ग्वाताविता नावाच्या तळ्यात नवा राजा अंगाला सोन्याची पूड लावून तराफ्यावरून जायचा आणि सोनं, पाचू पाण्यात सोडायचा. स्पॅनिश लोकांनी नंतर ते तळं रिकामं करायला काठाला मोठी खाच पाडली, ती खाच आजही तिथं दिसते म्हणतात. तराफ्याला पॉलिश नाही, ओतल्यावर जसा निघाला तसाच खरखरीत, कारण तो मिरवायचा नव्हताच, अर्पण करायचा होता. मुईस्कांच्या अर्पणाच्या बाकी मूर्ती पण तशाच, चपट्या, तारेसारखे हातपाय, घाईत केल्यासारख्या, पण घाई नाही ती. गिऱ्हाईक देव असला की फिनिशिंग वेगळं असतं एवढंच.

वरच्या मजल्यावर अर्पणाची खोली आहे. वीस-पंचवीस लोकांना आत घेतात, गोल खोली, दार बंद, पूर्ण अंधार. मग गाण्यासारखा मंत्रासारखा आवाज सुरू होतो आणि उजेड हळूहळू वाढत जातो आणि चारी बाजूंच्या भिंतीत सोनंच सोनं, शेकडो नग, पाण्यात तरंगल्यासारखे. एक लहान मूल रडायला लागलं. आईनं हात जोडले. बाहेर आल्यावर म्हणाली की कानबाई, आमची खान्देशची देवी, बोळवायला नदीवर जातो तेव्हा असंच वाटतं, रात्रभर घरात जागवलेली असते आणि सकाळी पाण्यात सोडताना पोटात खड्डा पडतो. मी तिला म्हटलं की हे लोक तर खरं सोनं सोडायचे, ती म्हणाली "मंग? देवले खोटं देतस का?"

नंतर ती बाकड्यावर बसून राहिली बराच वेळ. मग अचानक बाहत्तरच्या दुष्काळाचं बोलायला लागली. नुकतं लग्न होऊन आली होती, विहिरी आटलेल्या, आणि आजोबांनी आजीच्या दंडातल्या वाक्या आणि हातातले गोठ मोडले, स्वतःच्या हातानं, स्वतःच्या मुशीत, आणि त्या वाक्या त्यांनीच लग्नात घडवून दिलेल्या होत्या. आजी चुलीपुढून उठली नाही म्हणे. एवढ्या वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आई भिंतीतल्या सोन्याकडे हात करून म्हणाली, "आठे कोन्हीच मोडं नही." इथं कोणी मोडलं नाही. वाक्यांचा फोटो नाही, चित्र नाही, घडण कशी होती ते आईला पण नीट सांगता येत नाही, एवढंच म्हणते की मनगटापेक्षा दंड जड व्हायचा.

सगळं गोडच लिहितो असं नको. चौतीस हजार नग आले कुठून, तर त्यातले पुष्कळ थडगी फोडणाऱ्यांकडून, तिकडं त्यांना ग्वाकेरो म्हणतात. बँक घेते म्हटल्यावर खणणारे खणणारच, हा आक्षेप तिकडचे अभ्यासकही घेतात आणि मला तो पटतो. नग वाचला पण तो कोणाच्या शेजारी, कशा अवस्थेत, कोणत्या मडक्याजवळ होता ते कायमचं गेलं. १९९२ मध्ये मालागाना नावाच्या उसाच्या मळ्यात सोनं लागलं तेव्हा लोकांची झुंबड उडाली आणि आख्खी दफनभूमी उकरली गेली, बँकेनं त्यातले काही नग विकत घेतले, बाकीचे कुठं गेले कुणाला माहीत. आणि किम्बायांचा सगळ्यात मोठा खजिना तर त्यांच्याकडे नाहीच, १८९३ मध्ये त्यांच्याच सरकारनं तो स्पेनच्या राणीला भेट देऊन टाकला, आता माद्रिदला आहे. २०१७ मध्ये त्यांच्या घटनापीठानं सरकारला सांगितलं की तो परत आणायचा प्रयत्न करा. म्हणजे वाचवणं हे पण काही सरळ काम नाही. पण मुशीत गेलेल्या नगाबद्दल वाद घालायलाही काही उरत नाही, म्हणून माझं मत बँकेच्या बाजूनंच.

त्याच बँकेची बाकीची ठिकाणं पण चालत जाण्याएवढ्या अंतरावर आहेत. बोतेरो म्युझियम जुन्या गावात, ला कांदेलारियात, अंगण असलेलं जुनं घर, आपल्या वाड्यासारखं. फर्नांदो बोतेरो या चित्रकारानं २०८ कलाकृती बँकेला देऊन टाकल्या, १२३ स्वतःच्या आणि बाकीच्या पिकासो, मोने, रेन्वार, दाली अशा लोकांच्या, अट अशी की बघायला पैसे घ्यायचे नाहीत. २००० पासून ते फुकट आहे. सगळं गोल, फुगीर, माणसं, घोडे, संत्री, मोनालिसा सुद्धा. मला चित्रांतलं फार कळत नाही पण भाजीवाल्यापासून विद्यार्थ्यांपर्यंत सगळे आत हिंडत होते आणि कोणी कोणाला हटकत नव्हतं हे कळलं.

त्याच आवारात जुनी टांकसाळ आणि कलासंग्रह, तिथं ला लेचुगा बघायलाच पाहिजे. लेचुगा म्हणजे लेट्यूसचा पाला, हिरवा दिसतो म्हणून नाव. चर्चमध्ये ठेवायचा सोन्याचा सूर्य, १७०० ते १७०७ अशी सात वर्षं एका सोनारानं घडवला, होसे दे गालास नाव त्याचं, त्यात १४८५ पाचू. बँकेनं १९८५ मध्ये विकत घेतला. कारागिराचं नाव पाटीवर लिहिलंय हे बघून फार बरं वाटलं, आपल्याकडे दुकानाचं नाव राहतं, घडवणाऱ्याचं कोणी विचारत नाही. जवळच लुईस आंखेल आरांगो लायब्ररी, १९५८ पासून, ती पण बँकेचीच, आम्ही फक्त डोकावलो, पोरं अभ्यासाला गच्च भरलेली.

आणि हे फक्त राजधानीत नाही, हा मुद्दा खान्देशवाल्यांनी नीट वाचा. पंचवीसपेक्षा जास्त शहरांत या बँकेची सांस्कृतिक केंद्रं आहेत, पार अमेझॉनच्या कडेला लेतिसियापर्यंत. सांता मार्ता बोगोटाच्या मानानं लहान, पण तिथं ताइरोना लोकांच्या सोन्याचं वेगळं म्युझियम आहे, कस्टमच्या जुन्या इमारतीत, जिथं त्यांना स्पेनपासून स्वातंत्र्य मिळवून देणाऱ्या बोलिव्हारचं पार्थिव दर्शनाला ठेवलं होतं. त्या मातीतलं सोनं त्याच मातीत ठेवलंय, सगळं उचलून राजधानीत नेलेलं नाही. आम्ही बाहेर पडलो तर रस्त्यानं कोगी या तिथल्या आदिवासींपैकी एक माणूस चालला होता, पांढरे कपडे, गळ्यात विणलेली पिशवी, आणि हातात भोपळ्याचा पोपोरो, काडी फिरवत. काचेमागं बघितलेली वस्तू माणसाच्या हातात चालू! आईनं त्याच्याकडं बघून मान हलवली, त्यानंही हलवली. मला सातपुड्यातल्या पावरा आदिवासी बायांच्या चांदीची आठवण झाली, तो चांदीचा साज पण हळूहळू मोडीतच येतोय, मी स्वतः घेतलाय.

अजून एक गोष्ट आवडली, शाळांसाठी पेट्या. म्युझियमवाले सुटकेसमध्ये खरी जुनी खापरं, प्रतिकृती, माहिती भरून मास्तरांना नेऊ देतात, पोरांनी हातात घेऊन बघायचं. आपल्या रिझर्व्ह बँकेचं मुंबईला फोर्टात २००४ पासून नाण्यांचं म्युझियम आहे, ते चांगलंच आहे, पण शिरपूरच्या पोराला ते कधी दिसणार. धुळ्याला राजवाडे मंडळानं, चाळीसगावला केकी मूस यांच्या घरात, लोकांनी आपापल्या जोरावर कितीतरी जपून ठेवलंय. त्यांच्या पाठीशी एखादी बँक उभी राहिली, आणि जळगावात जुन्या घडणीचा एकेक नग वितळायच्या आधी विकत घेतला, तर दहा वर्षांत काय उभं राहील! ज्या बँका आपलंच सोनं गहाण ठेवून घेतात त्यांनी याचा विचार करायला काय हरकत आहे.

जाणाऱ्यांसाठी: गोल्ड म्युझियम सोमवारी बंद, बोतेरो मंगळवारी बंद. रविवारी गोल्ड म्युझियम फुकट असतं पण गर्दी फार, तिकीट तसंही आपल्या शंभर रुपयांच्या आसपास आहे तर मधल्या वारी जा. पाट्या स्पॅनिश आणि इंग्रजीत. किमान चार तास ठेवा, सराफीतले असाल तर पूर्ण दिवस. पाचपैकी पाच.

परत आल्यावर तिसऱ्याच दिवशी पारोळ्याकडच्या एक आजी पुतळ्यांची माळ मोडायला घेऊन आल्या, नातीच्या लग्नासाठी. मी त्यांना म्हटलं आजी, दोन दिवस माझ्याकडं राहू द्या. चारी बाजूंनी फोटो काढले, वजन, टंच, कडीची जाडी, पुतळीवरचा ठसा, कोणी कोणाला कधी घातली ते त्यांच्याकडून विचारून वहीत लिहून घेतलं, मग मोडली. आता येणाऱ्या प्रत्येक जुन्या नगाचं असंच करतोय, वहीत एकोणीस नग झालेत.